नसलेला पाय दुखतो तेव्हा : औषधाशिवायच्या उपायांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"पाय ते खड्डामा गया, पन आंगठा आजूनबी दुखस." पारोळ्याकडच्या एका बाबांनी पहिल्याच भेटीत मला हे सांगितलं. मग मुलगा बाहेर गेल्यावर हळूच विचारलं, "ताई, हे घरात बोललं तर येडा म्हनतीन का माले?" मी फिजिओथेरपिस्ट आहे, काम जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात. हात किंवा पाय कापावा लागलेली माणसं आणि त्यांच्या घरचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतलेत. बहुतेक उत्तरं पायाची आहेत, कारण माझ्याकडे येणाऱ्यांत पाय गेलेले जास्त. साखर, बिडी-तंबाखूने बंद पडलेल्या रक्तवाहिन्या आणि हायवेवरचे अपघात, ही त्यामागची नेहमीची कारणं.

पाय तर राहिलाच नाही, मग दुखतं कुठे?

मेंदूत. पण म्हणून ते खोटं नाही. तुमच्या उरलेल्या पायात काटा मोडला तरी ते दुखणं शेवटी मेंदूतच कळतं.

मेंदूच्या पृष्ठभागावर सगळ्या अंगाची नोंद असते. तळव्याची जागा वेगळी, बोटांची वेगळी, ओठांची वेगळी. ऑपरेशनमध्ये पाय जातो, ही नोंद जात नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगते : शेत गेलं, पण फेरफार झालाच नाही, सातबाऱ्यावर नाव तसंच आहे. तलाठ्याच्या लेखी पाय अजून जागेवर. हा तलाठी म्हणजे मेंदू. तो हुकूम पाठवतो, 'पंजा हलव'. हुकूम पोचला की नाही, याचं उत्तर मात्र खालून येत नाही. शिवाय कापलेल्या नसांची टोकं स्वतःहून उलटसुलट निरोप पाठवत राहतात, आणि मणक्यातली चेताकेंद्रंही जास्त हळवी होतात. हे सगळं मिळून दुखणं तयार होतं.

पुढे काय होतं, यावर शास्त्रज्ञांचे दोन पक्ष आहेत. हर्टा फ्लोर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवलं की गेलेल्या हाताच्या जागेत मेंदूतले शेजारी भाग सरकतात आणि ते जितकं जास्त, तितकं दुखणं जास्त. म्हणजे शेजाऱ्याने बांध कोरला. २०१३ साली तमार माकिन यांच्या गटाला उलट दिसलं : ज्यांना जास्त दुखतं त्यांची जुनी नोंद चांगली शाबूत असते. वाद मिटलेला नाही. आपल्याला कामाचं एवढंच की मेंदूची नोंद सरावाने बदलता येते. खाली जे उपाय येतील ते बरेचसे याच जोरावर उभे आहेत.

म्हणजे हे मनाचे खेळ नाहीत?

नाहीत. मराठीत याला 'आभासी अवयव वेदना' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, कारण घरच्यांना त्यातलं 'आभासी' तेवढं ऐकू येतं. दवाखान्यात 'फँटम पेन' म्हणतात, तेच बरं.

फ्रान्सचे शल्यवैद्य आंब्रोज पारे यांनी सोळाव्या शतकातच लिहून ठेवलंय की कापलेला पाय दुखत असल्याचं रोगी सांगतात. 'फँटम' हे नाव १८७१ साली सायलस वेअर मिचेल यांनी रूढ केलं, अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करून झाल्यावर. गडी धडधाकट होते, सैनिक होते. त्यांना कोणी मनाने कमजोर म्हणू शकलं नसतं.

सगळ्यांनाच होतं का हे?

जगभरातले अभ्यास एकत्र केले तर साधारण ६४ टक्के लोकांना हा त्रास होतो. बऱ्याच जणांचा ऑपरेशननंतर काही दिवसांतच सुरू होतो, काहींचा महिन्यांनी. पुष्कळांचा वेळेनुसार सौम्य होतो, काहींचा वर्षानुवर्षं राहतो. कोणाचा राहील हे आधी सांगता येत नाही. ऑपरेशनपूर्वी ज्यांनी तो पाय खूप दिवस दुखवून घेतला, त्यांना धोका जास्त. आपल्याकडे काळं पडलेलं बोट घेऊन दोन-दोन महिने माणूस घरीच बसतो, त्याची ही एक किंमत.

हे दुखणं स्टंपचं, म्हणजे कापल्यावर उरलेल्या भागाचं आहे की नसलेल्या पायाचं, ते कसं ओळखू?

आधी हेच ओळखा, कारण दोघांचे उपाय वेगळे. डोळे मिटा आणि एका बोटाने दाखवा, कुठे दुखतंय. बोट उरलेल्या मांसावर टेकलं तर ते स्टंपचं दुखणं. तिथे जखम, गळू, हाडाचं टोक, कापलेल्या नसेची गाठ किंवा नीट न बसणारं सॉकेट (कृत्रिम पायाची खोबण, ज्यात स्टंप बसतो) असू शकतं. बोट हवेत गेलं, जिथे पूर्वी घोटा होता तिथे, तर ते फँटम.

तिसराही प्रकार आहे. नुसती जाणीव. पाय आहे असं वाटणं, टाच खाजणं, पण दुखणं नाही. ती जवळजवळ सगळ्यांना असते आणि तिला उपचार लागत नाही. फक्त झोपेतून उठताना पाय आहे असं समजून खाली टाकू नका, मी त्या पडण्यातून मोडलेली मनगटं पाहिलीत. आणि काही जणांना पाय आखूड होत गेल्यासारखा वाटतो, पंजा थेट गुडघ्याला चिकटल्यासारखा. घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

कापलेला पाय पुरताना वाकडा ठेवला गेला, म्हणून दुखतो का? काढून सरळ करावा का?

हसू नका, हा प्रश्न मला अनेकांनी विचारलाय, त्यात शिकलेलेही होते. नाही. पुरलेल्या पायाचा आणि दुखण्याचा संबंध नाही. पण प्रश्नामागचा अनुभव खरा आहे : माणसाला खरोखर वाटतं की बोटं मुडपली आहेत, घोटा पिरगळला आहे आणि तो सरळ करता येत नाही. खड्डा उकरायची गरज नाही. तो पिरगळा सोडवण्यासाठीच आरसा आहे.

आरशाचा उपाय म्हणजे नक्की काय?

हा उपाय काढला मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी. जन्म तमिळनाडूतला, काम अमेरिकेत. १९९० च्या दशकात त्यांनी एका खोक्यात उभा आरसा बसवला. शाबूत हात आरशासमोर, तुटलेला आरशामागे. शाबूत हात हलवला की आरशात तो दुसऱ्या बाजूचा दिसतो, म्हणजे गेलेला हात परत आला आणि हलतोय असं डोळ्यांना वाटतं. मेंदूने पाठवलेल्या हुकमाला इतक्या दिवसांनी उत्तर मिळतं. घट्ट मिटलेली मूठ काहींना तिथल्या तिथे उघडल्यासारखी वाटली.

पायासाठीचा नावाजलेला प्रयोग २००७ सालचा, अमेरिकी सैन्याच्या वॉल्टर रीड रुग्णालयातला. २२ जण घेतले, १८ टिकले, सहा-सहाचे तीन गट. रोज १५ मिनिटं, चार आठवडे. आरसा वापरणाऱ्या सहाही जणांचं दुखणं कमी झालं. आरसा कापडाने झाकलेल्या सहांपैकी एकाचंच. माणसं किती थोडी आहेत ते पाहा. त्यानंतर बरेच अभ्यास झाले, काहींत फायदा दिसला, काहींत फारसा नाही, आणि सगळे एकत्र तपासणारे लोक पुरावा अजून कच्चा म्हणतात. तरी मी पहिल्यांदा आरसाच सुचवते. खर्च जवळजवळ नाही, इजा होण्याची भीती कमी आणि घरी करता येतो. 'करून बघा' एवढंच मी म्हणते, 'जाईलच' असं कधीच म्हणत नाही.

आरसा कोणता घ्यायचा आणि कसा ठेवायचा?

पायासाठी साधारण चार फूट लांब, दीड फूट रुंद. नवा घ्यायलाच पाहिजे असं नाही. जुन्या लोखंडी कपाटाच्या दाराचा निघालेला आरसा बहुतेक घरात कुठेतरी भिंतीला टेकलेला सापडतोच. काचेच्या कडांना चारही बाजूंनी चिकटपट्टी लावा, साखरेच्या माणसाला काचेची एक चीरही महाग पडते. आरसा डागाळलेला, लहरी दिसणारा नको. त्यात पाय वाकडा दिसला तर उपायाचा उलटा परिणाम.

बाजेवर करू नका. बाज मधे खोल जाते, आरसा कलंडतो. जमिनीवर सतरंजी टाकून किंवा कडक दिवाणावर बसा, पाठीला भिंत. दोन्ही पाय पुढे. आरसा दोन पायांच्या मधोमध, लांब कड जमिनीला टेकवून उभा करा, चकाकी शाबूत पायाकडे, स्टंप आरशामागे पूर्ण झाकलेला. आरशाच्या मागेपुढे एकेक वीट लावली की तो हलत नाही. मान थोडी शाबूत बाजूला झुकवा, म्हणजे आरशातला पाय बरोबर गेलेल्या पायाच्या जागी दिसेल. नुसतं प्रतिबिंब बघून उपयोग नाही, ते *त्या जागी* बसलं पाहिजे. इथे बरेच जण चुकतात.

पायातला काळा दोरा सोडा. एकाच पायात दोरा असेल तर आरशात तो दुसऱ्या पायातही दिसतो आणि मेंदू म्हणतो, हा माझा नव्हे. हातात घड्याळ, एका मनगटावर गोंदण असेल तर तेही झाका. जोडव्यांचं मात्र उलटं आहे. ती पूर्वी दोन्ही पायांत होती, मग राहू द्या. एका मावशींना जोडवी काढल्यावर काहीच वाटेना, घातल्यावर आरशातला पाय 'माझा' वाटला.

आता हालचाल. आधी मनात बघा की नसलेला पाय कसा पडलाय : बोटं मुडपलेली, टाच आत वळलेली? शाबूत पाय तसाच ठेवा. दोन्ही सारखे झाले की दोघांना एकत्र, अगदी सावकाश, सरळ करायला सुरुवात करा. बोटं उलगडा, पंजा वर-खाली, घोटा गोल फिरवा. 'दोघांना' म्हटलं ते महत्त्वाचं. आरशामागच्या पायालाही मनाने हुकूम द्यायचा आहे, नुसता एक पाय हलवायचा नाही. १५ मिनिटं, रोज, एकटं आणि शांत. टीव्ही बंद, नातवंडं बाहेर. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

चौथ्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून आरसा परत भिंतीला टेकवणारे खूप. निदान चार आठवडे द्या. रोज रात्री कॅलेंडरच्या चौकोनात दुखण्याला शून्य ते दहामधला आकडा लिहा, नाहीतर फरक पडलाय की नाही हे कुणालाच आठवत नाही.

आरशात दोन पाय दिसले आणि रडू कोसळलं. चालू ठेवू का?

माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी एका बाईला ऑपरेशननंतर थोड्याच दिवसांत, कसलीही कल्पना न देता, थेट आरशासमोर बसवलं. तिने दोन पाय पाहिले आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. पुढचे दोन आठवडे ती आलीच नाही. २००७ च्या प्रयोगातही दोघांना असं भरून आलं होतं. तेव्हापासून मी आधी सांगते की काय दिसणार आहे आणि काय वाटू शकतं. रडून मोकळं होऊन पुढे जाणारेही असतात. पण दुखणं भडकलं, चक्कर आली, मळमळलं, तर थांबा आणि एक पायरी खाली या.

या पायऱ्यांची पद्धत वेदनेवर संशोधन करणाऱ्या लोरिमर मोझ्ली यांनी नीट बसवली. २००६ साली त्यांनी ५१ जणांवर ती तपासली, त्यात हातपाय गेलेलेही होते. तीन टप्पे, प्रत्येकी साधारण दोन आठवडे.

पहिला, डावा की उजवा ओळखणं. मुलाला मोबाईलवर वेगवेगळ्या माणसांच्या पायांचे चाळीस-पन्नास फोटो काढायला सांगा, वरून, खालून, चपलेत, चिखलातले, उलटे धरलेले. फोटो आला की लगेच सांगायचं, डावा की उजवा. सोपं वाटतं, पण गेलेल्या बाजूचे फोटो ओळखायला बहुतेकांना जास्त वेळ लागतो. दहात आठ बरोबर आणि दोन-अडीच सेकंदांत उत्तर, तेही दोन्ही बाजूंचं सारखं, एवढं जमलं की पुढे. मुलांसाठी हा खेळच होतो आणि आजोबांना कितीतरी दिवसांनी कोणीतरी चुकीच्या उत्तरावर हसतं.

दुसरा, मनात हालचाल. डोळे मिटून, अंग न हलवता, पाय आरामात ठेवलाय, पाण्यात सोडलाय अशी कल्पना. आणि तिसरा, आरसा.

दोन्ही पाय गेलेत. मग आरशात काय बघू?

आरसा उपयोगाचा नाही. दुसऱ्याचे पाय बघा. घरातला कोणीतरी तुमच्या शेजारी, तुमच्याच दिशेने तोंड करून बसेल, पाय पुढे. तो हळू हळू बोटं हलवेल, घोटा फिरवेल, तुम्ही त्याच्या पायांकडे बघत तेच मनाने करायचं. दोन्ही पाय गेलेल्यांवरच्या एका छोट्या प्रयोगात नुसत्या कल्पनेपेक्षा असं बघण्याने दुखणं जास्त उतरलं. चाळीसगाव भागातल्या एका आजोबांबरोबर त्यांचा आठवीतला नातू बसायचा. पोराला कंटाळा यायचा म्हणून ते त्याला 'हळू, रे, हळू, बैल चालतो तसा' म्हणायचे. हा वेग उत्तम आहे.

माझा हात गेलाय, कडबाकुट्टीत. काही वेगळं?

हाताला आरसा लहान पुरतो, टेबलावर दीड बाय दीड फुटाचा. हालचाली ओळखीच्या घ्या : मूठ उघडणं-मिटणं, तळहात वर-खाली, भाकरी थापल्यासारखं, बोंडातून कापूस वेचल्यासारखं. ज्या कामात हात घडला त्या कामाची नोंद मेंदूत खोल असते.

हातासाठी आणखी दोन गोष्टी. एक, स्पर्श ओळखायचा सराव. स्टंपवर वेगवेगळ्या जागी स्पर्श करून 'कुठे' आणि 'कोणता' हे डोळे मिटून ओळखायचं. फ्लोर यांच्याच गटाने २००१ साली असा सराव रोज दीड तास, दहा दिवस दिला आणि दुखणं उतरलं. दोन, २०१६ साली माक्स ऑर्टिझ-कॅटलान या संशोधकांनी स्टंपच्या स्नायूंवर संवेदक लावून पडद्यावरचा हात हलवायला लावला. १४ जण, १२ बैठका, दुखणं सरासरी निम्म्याच्या आसपास आलं. ते यंत्र आपल्याकडे मिळणार नाही म्हणून हळहळू नका. त्याचं मर्म असं की नसलेला हात *खरोखर* हलवायचा प्रयत्न करा, नुसता मनात रंगवू नका. तो प्रयत्न करताना स्टंपचे स्नायू आवळलेले दिसतात. ते चांगलं लक्षण.

स्टंपला हात लावला तरी झिणझिण्या येतात. चोळू की नको?

टाके सुटून जखम पूर्ण भरली असेल तर लावा, नक्की लावा. आधी सरकी काढलेला कापूस फिरवा. तो सहन झाला की मलमल, मग टॉवेल, मग तरट. पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. बोटांनी हलक्या टिचक्या मारा. नंतर घमेल्यात तांदूळ किंवा तूर भरून त्यात स्टंप घालून फिरवा. काही बायका म्हणतात, अन्नात पाय कसा घालू? मग धान्याऐवजी सरकी घ्या, देवाला चालेल.

यात दुसरंही एक काम होतं. ऑपरेशननंतर बऱ्याच जणांनी स्टंपकडे नीट पाहिलेलंच नसतं. घरचे पांघरूण घालून ठेवतात. स्वतःच्या हाताने त्याला कापूस लावणं, ही ओळख करून घेण्याचीही सुरुवात असते.

बँडेज गुंडाळण्याचा दुखण्याशी काय संबंध?

सूज उतरते, आकार नीट येतो, आणि सारखा दाब मिळाल्याने बऱ्याच जणांना फँटम शांत वाटतं. पण गुंडाळायचं इंग्रजी आठच्या आकारात, तिरकं. टोकाला घट्ट, वर जाताना सैल. बांगडीसारखे गोल वेढे दिले तर टोकाला रक्त तुंबतं आणि स्टंप डमरूसारखा होतो. चार-सहा तासांनी सोडून पुन्हा बांधा.

गुडघ्याखाली पाय गेला असेल तर गुडघ्याखाली उशी ठेवू नका. प्रेमाने ठेवलेली ती उशी गुडघा कायमचा वाकडा करते आणि मग जयपूर पाय बसत नाही. रोज थोडा वेळ पालथं झोपा.

जयपूर पाय घातला की दुखणं थांबेल?

थांबेलच असं नाही, पण पाय नियमित वापरणाऱ्यांत कमी होताना दिसतं. पुन्हा भार येतो, पुन्हा चालणं होतं, मेंदूला खालून काहीतरी कळायला लागतं. जयपूर पाय १९६८ च्या सुमारास मास्टर रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवला. अनवाणी चालणं, मांडी घालणं, उकिडवं बसणं, शेतातला चिखल हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून. म्हणून आपल्या भागात तो टिकतो.

खानदेशातली अडचण म्हणजे उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास गेला की सॉकेटमध्ये घामाचं पाणी होतं, कातडी सोलवटते आणि माणूस जूनपर्यंत पाय खुंटीला टांगतो. मग दुखणं परत. पर्याय : सुती मोजे दोन-तीन जोड ठेवा, दुपारी काढून स्टंप कोरडा करा, सकाळ-संध्याकाळ तरी घाला. शिबिरात मिळालेला पाय सैल झाला असेल तर कापड कोंबून चालवू नका, सॉकेट बदलून घ्या.

ते करंटचं मशीन, टेन्स, घेऊ का?

विकत घेण्याची घाई नको. काहींना त्याने आराम पडतो, पण ठोस पुरावा फारच थोडा आहे. फिजिओकडे पाच-सहा वेळा लावून बघा, गुण आला तरच घ्या. हृदयात पेसमेकर असेल तर नाही. जखमेवर नाही. स्टंपवर सहन होत नसेल तर कधीकधी शाबूत पायावर त्याच जागी लावतात.

गरम विटेचा शेक, डाग, तेल?

तेलाची हलकी मालिश, भरलेल्या जखमेवर, बेशक. शेक जपून : साखरेच्या माणसाची कातडी बधिर असते, विटेने फोड येतो आणि कळत नाही. शेकायचंच तर कापडात गुंडाळलेली पिशवी, आणि आधी दुसऱ्याच्या हाताने गरमपणा बघून.

डाग मात्र मुळीच नको. मी सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीकाठापर्यंत स्टंपवर डागलेल्या खुणा पाहिल्यात. भगताला दुखवायचं नाही, त्याचा आधार मोठा असतो. त्याच्याकडे जा, नारळ द्या, अंगारा लावा, फक्त तापलेलं लोखंड लावू देऊ नका.

रात्री तीनला कळ येते, तेव्हा लगेच काय करू?

एकटं अंथरुणात पडून सहन करणं सगळ्यात वाईट. उठून बसा, दिवा लावा. स्टंप दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरा, मग सोडा, दहा-बारा वेळा. बँडेज सैल झालं असेल तर नीट बांधा. काहींना जयपूर पाय चढवून दोन मिनिटं उभं राहिल्यावर कळ सुटते. जिथे कळ येते त्याच जागी शाबूत पायावर चोळा, हे विचित्र वाटेल पण करून बघा. श्वास सावकाश सोडा, घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ. आणि श्वास सोडताना नसलेल्या पायाची बोटं एकेक करून उलगडा, करंगळीपासून.

दुसऱ्या दिवशी बघा की आधी काय झालं होतं. लघवी तुंबली, पोट साफ नाही, दिवसभर उभं राहणं, घरात वादावादी, बिडी, ढगाळ हवा, अपुरी झोप. प्रत्येकाची यादी वेगळी. लघवी-शौचाच्या वेळी पायात कळ येते असं पुरुष लाजत सांगतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पुष्कळांना होतं.

हे सगळं करतोय, मग गोळ्या बंद करू?

स्वतःहून नाही. या दुखण्यासाठी दिलेल्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तर त्रास होतो, हळूहळू कमी कराव्या लागतात. आरसा गोळीच्या विरोधात नाही. झोप लागेल एवढी गोळी असेल तर सकाळी आरशासमोर बसायला माणूस ताजा असतो.

डॉक्टरकडे ताबडतोब कधी?

स्टंप लाल, गरम, पू, ताप. रंग काळा-निळा. एका जागी बोट लावताच वीज चमकल्यासारखी कळ. बरं असलेलं दुखणं महिन्यांनी अचानक उसळणं. आणि दुसऱ्या पायावर जखम, मग ती कितीही छोटी असो. साखर असेल तर उरलेला तळवा रोज रात्री बघा, नजर कमी असेल तर सुनेला बघायला लावा. मे महिन्यात अनवाणी शेतात गेलात आणि तळवा भाजला, तर तुम्हाला कळणार नाही.

जगणं नको वाटू लागलं, जेवण सुटलं, माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, हेही ताबडतोबचंच कारण समजा.

हे उपचार कुठे मिळतील? दिव्यांगत्वाचा दाखला लागतो का?

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या रुग्णालयांतल्या फिजिओथेरपी विभागात विचारा. गुंतागुंतीच्या केससाठी मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. धडगाव-अक्कलकुव्याहून दर आठवड्याला येणं कुणालाच जमत नाही, मी तसं सांगतही नाही. दोनदा या, नीट शिकून घ्या, पुढचं व्हिडिओ कॉलवर होतं.

उपचाराला दाखला लागत नाही. पण काढून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली बहुतेक योजनांना ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं, आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) असलं की एसटीच्या सवलतीपासून कृत्रिम पायापर्यंत कामं सोपी होतात.

दुखणं गेलं. आरसा काढून टाकू का?

एवढ्यात नको. नवं सॉकेट बसवल्यावर, मोठ्या आजारपणानंतर, पहिल्या थंडीत ते महिनाभर परत येऊ शकतं. तेव्हा पहिल्यापासून शिकायचं नसतं, आठवडाभर पुन्हा बसलं तरी बऱ्याच जणांचं भागतं. दाढी करायला भिंतीवर लावलात तरी चालेल, फक्त पक्का ठोकू नका. एका हाताने काढता येईल असा खिळ्यावर टांगा.